लॅपटॉप उघडण्याआधी इंजिन तपासणारा माणूस शोधा

प्रश्न: मी नागपूरला राहते आणि अमरावतीच्या एका महाविद्यालयात शिकवते. आठवड्यातून तीनदा गाडीने ये-जा करते. गाडी २०२० ची आहे. एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअर, ८२ हजार किलोमीटर झालेत. गेल्या वर्षभरात पिकअप पडलाय. तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटात पूर्वी चौथ्या गिअरवर सहज चढायची, आता तिसरा टाकावा लागतो. अॅव्हरेजही १७ वरून १५ वर आलंय. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, गाडीत काही दोष नाही. भाऊ म्हणतो, रिमॅप करून घे, म्हणजे इंजिनच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलून घे, गाडी पळेल. नागपुरात एक जण घरी येऊन लॅपटॉप लावून तासाभरात काम करून देतो, १२ हजार घेतो. पुण्यात एक वर्कशॉप आहे, त्यांच्याकडे डायनो (चाकं रोलरवर फिरवून गाडीची ताकद मोजणारं यंत्र) आहे, पण ते ३० हजारांच्या पुढे सांगतात. बाबा म्हणतात, इंजिनला हातच लावू नको. मी कुणाचं ऐकू? आणि या कामातला खरा जाणकार ओळखायचा कसा? (एक वाचक, नागपूर)

ताई,

रिमॅपचा विषय महिनाभर बाजूला ठेवा. जी गाडी दोन वर्षांपूर्वी चौथ्यावर घाट चढत होती आणि आज चढत नाही, तिच्यात कंपनीने दिलेली ताकदच कुठेतरी गळते आहे. ती गळती शोधायच्या आधी सॉफ्टवेअर बदललं तर दुखणं झाकलं जाईल आणि आतल्या आत वाढेल. यात बाबांचं अर्धं खरं आहे. पण इंजिनला हात लावायलाच हवा, फक्त तो आधी तपासणाऱ्याचा असावा.

टर्बो इंजिनात एक साधी गोष्ट फार नुकसान करते. टर्बोपासून, म्हणजे हवा दाबून इंजिनात ढकलणाऱ्या भागापासून, ती हवा गार करणाऱ्या इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनकडे जाणारा रबरी होज थोडा चिरला, किंवा त्याचा क्लॅम्प सैल झाला, तर दाबलेली हवा वाटेतच निसटते. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, ठरलेला दाब हवा असतो, म्हणून तो टर्बोला आणखी फिरवत राहतो. चालवणाऱ्याला जाणवतं ते एवढंच, की गाडी उचल घेत नाही. अशा गाडीवर जास्त दाब मागणारी फाइल, म्हणजे रिमॅपचं नवं सॉफ्टवेअर, चढवली, तर टर्बो आपल्या हद्दीपलीकडे फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. मग दोष फाइलचा की होजचा, यावर दोन गॅरेजवाले तुमच्यासमोर भांडत बसतात आणि टर्बोचे पैसे तुमच्याच खिशातून जातात.

म्हणून नागपुरातच एखादा चांगला निदान करणारा मेकॅनिक गाठा. त्याच्याकडून स्कॅनरवर फक्त पक्के एरर कोड नकोत, अजून पक्के न झालेले, म्हणजे पेंडिंग, कोडही बघून घ्या. मीटरवर चेक इंजिनचा दिवा लागला नाही म्हणजे गाडी ठीक, असं सर्व्हिस सेंटरला वाटत असतं. पण अर्धवट बिघाडात तो दिवा कित्येक महिने लागत नाही. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम नावाचे दोन आकडे दिसतात, शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (बऱ्याच काळाचा). ऑक्सिजन सेन्सरने दिलेल्या माहितीवरून ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, ते त्यातून कळतं. लाँग टर्म ट्रिम गाडी तापल्यानंतरही सतत अधिक १० च्या वर असेल, तर कुठून तरी न मोजलेली हवा आत येतेय किंवा पेट्रोलचा दाब कमी पडतोय. तुमची गाडी हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी कॅलिब्रेट केलेली नसणार, त्यामुळे हा आकडा थोडा अधिक दिसणं स्वाभाविक आहे. त्याने घाबरू नका, पण तेवढ्यावर समाधानही मानू नका.

त्यानंतर होज आणि मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) धूर सोडून गळती बघणं, स्पार्क प्लग काढून त्यांचा रंग आणि गॅप बघणं, एअर फिल्टर, वेस्टगेटचा अॅक्च्युएटर (टर्बोचा दाब आवरणारी झडप हलवणारा भाग) आणि तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते. कॉम्प्रेशनमध्ये एकाच आकड्याकडे बघू नका. तिन्ही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत ना, ते बघा. दोन सारखे आणि तिसरा बराच खाली असेल, तर ट्यूनिंगचा विचार तिथेच सोडायचा. तुमचं इंजिन थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या प्रकारचं असेल, तर आणखी एक जागा तपासायला सांगा. अशा इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल जातच नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि ऑइलच्या वाफेचा कार्बन त्यांच्या पाठीवर साचत जातो. ८० हजारांच्या पुढे तो इतका जाड होऊ शकतो की हवेची वाटच अरुंद होते. तो खरवडून किंवा ब्लास्टिंगने काढावा लागतो. टाकीत एखादी बाटली ओतून तो निघत नाही, कारण टाकीतलं पेट्रोल त्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही.

आता अॅव्हरेज. १७ चं १५ झालं म्हणजे साधारण १२ टक्के घट. तुम्ही गाडी घेतली त्या सुमारास देशात पेट्रोलमध्ये सरासरी ५ टक्के इथेनॉल होतं, आता २० टक्के आहे. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. हिशेब केला तर एवढ्या बदलाने लिटरमागे पाच टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. म्हणजे तुमच्या दोन किलोमीटरमधला एक किलोमीटर, किंवा त्याहून थोडा कमी, पेट्रोलने खाल्ला आहे. तो कुठलाही ट्यूनर पुरता परत आणू शकत नाही. चांगल्या कॅलिब्रेशनने थोडाफार भरून निघेल इतकंच. उरलेला किलोमीटर मात्र गाडीतल्या दोषाचा आहे आणि तो तुम्हाला तपासणीत सापडेल. जो माणूस गाडी न बघता फोनवरच 'अॅव्हरेज तीनने वाढवून देतो' असं सांगतो, त्याच्याशी पुढचं बोलणं करू नका.

एवढं करूनच बहुतेक तुमचा घाट पुन्हा चौथ्यावर येईल. तो आला आणि तुमचं मन भरलं, तर इथेच थांबा. माझं मत तेच आहे. पण तुम्ही जाणकार कसा ओळखायचा हे विचारलंय, आणि हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे या कामाची जाहिरात करणारे खूप, आणि पारखायचं कसं हे सांगणारे फार थोडे.

आधी पात्रतेचं. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, डिझेल मेकॅनिकचा वेगळा आहे, पॉलिटेक्निकला ऑटोमोबाइलचा डिप्लोमा आहे. इंजिन समजणाऱ्या माणसाकडे यातलं काहीतरी, किंवा कंपनीच्या वर्कशॉपमधलं प्रशिक्षण, बहुधा असतंच. पण ईसीयू रिमॅप करायला वीजतंत्रीसारखा सरकारी परवाना लागत नाही. भिंतीवर चौकटीत लावलेलं प्रमाणपत्र पुष्कळदा ज्या कंपनीचं उपकरण विकत घेतलं, तिच्याच छोट्या कोर्सचं असतं. त्यातून एवढंच कळतं की त्याला ते उपकरण वापरता येतं. तुमच्या इंजिनाला किती सोसवेल हे त्याला कळतं का, ते वेगळ्या मार्गाने तपासावं लागेल.

त्यातला सगळ्यात उपयोगी प्रश्न: 'फाइल कोण बनवतं?' या धंद्यात दोन तऱ्हेची उपकरणं असतात. मास्टर उपकरण असलेला माणूस ईसीयूतली फाइल वाचून स्वतः बदलू शकतो. स्लेव्ह उपकरण असलेला फाइल वाचतो, दुसऱ्या शहरातल्या किंवा दुसऱ्या देशातल्या कुणाकडे तरी पाठवतो आणि आलेली फाइल गाडीत चढवतो. स्लेव्ह वापरणं हा गुन्हा नाही. कित्येक जण प्रामाणिकपणे सांगतात की आमचा ट्यूनर अमुक ठिकाणी आहे, आणि त्याच्याशी बोलणंही करून देतात. अडचण तेव्हा होते जेव्हा फाइल बनवणाऱ्याला तुमची गाडी कधीच दिसत नाही, तिचे लॉग, म्हणजे चालत्या इंजिनच्या आकड्यांच्या नोंदी, दिसत नाहीत, आणि फाइल चढवणाऱ्याला आत काय बदललंय ते सांगता येत नाही. घरी येऊन तासाभरात काम उरकणाऱ्या तुमच्या नागपूरच्या माणसाला हे विचाराच. सोबत हेही विचारा, की फाइल चढवताना बॅटरीला सपोर्ट चार्जर लावता का. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू बंद पडू शकतो. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे झालं, तर गाडी टो करून न्यावी लागेल. उपकरण अस्सल आहे की स्वस्तातली नक्कल, हेही विचारायला संकोच करू नका. नकली उपकरण फाइल अर्धवट वाचू शकतं, आणि मूळ फाइल नीट वाचलीच गेली नाही तर परतीची वाट बंद होते.

दुसरी पारख तुम्ही न विचारता होते. तो तुम्हाला काय विचारतो, ते बघा. ऑइल कुठलं घालता, शेवटचं कधी बदललं, क्लच सरकतो का, कुठल्या पंपावर भरता, एसी लावून घाट चढता का, दुपारी चालवता की सकाळी. हे न विचारता जो थेट 'स्टेज वन की स्टेज टू?' म्हणतो, म्हणजे ताकद किती वाढवायची एवढंच विचारतो, तो तुमच्या गाडीचा विचारच करत नाहीये. आणि तपासणीचे कागद बघून 'या गाडीवर मी आत्ता काम करणार नाही, आधी हे दुरुस्त करून आणा' असं सांगणारा कुणी भेटला, तर त्याचा नंबर जपून ठेवा. पैसे समोर असताना नाही म्हणणारा माणूस या धंद्यात दुर्मीळ आहे.

पुण्याच्या वर्कशॉपकडे डायनो आहे, ही जमेची बाजू. पण डायनो असणं आणि तो नीट वापरणं यात फरक आहे. डायनोवरचा एकटा आकडा काही सांगत नाही. रोलरवर मोजली जाते ती चाकांपर्यंत पोचलेली ताकद, आणि कंपनीच्या कागदावरची असते ती इंजिनची. मधल्या गिअरबॉक्समध्ये आणि टायरमध्ये काही भाग जातोच. त्यामुळे ११० पीएसच्या गाडीने चाकांवर नव्वदीत आकडा दाखवला तर त्यात आजारपण नाही. तुम्ही मागायचं ते असं: त्याच दिवशी, त्याच डायनोवर, त्याच गिअरमध्ये, आधीचा आणि नंतरचा ग्राफ, तोही पूर्ण. ग्राफ हातात आल्यावर सर्वात उंच टोकाकडे नंतर बघा, आधी २००० आरपीएमच्या खाली बघा. तिथे टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, एकदम भिंतीसारखा उभा केला असेल, तर ती फाइल तुमच्या इंजिनसाठी नाही. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनात कमी आरपीएमवर जास्त भार टाकला, की ठिणगी पडायच्या आधीच हवा-पेट्रोलचं मिश्रण पेटण्याचा धोका वाढतो. तो ठोका इतका जोराचा असतो की पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉड मोडू शकतो. एपीआय एसपी दर्जाच्या ऑइलमध्ये यासाठीची चाचणी २०२० पासून आहे, ती याच कारणाने. घाटात चौथ्यावर, कमी आरपीएमवर, पाय दाबून चढायची तुमची सवय मला पत्रातून दिसतेय. म्हणून हा मुद्दा तुमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. ताकद वाढवायचीच असेल तर ती २२०० च्या पुढे, हळूहळू चढणारी मागा.

गिअरबॉक्सचीही हद्द असते आणि ती ठरलेली असते. एक उदाहरण देतो. फोक्सवॅगन समूहाच्या सात स्पीडच्या ड्राय क्लच डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची टॉर्कची मर्यादा २५० न्यूटन मीटर धरली जाते. तुमचा गिअरबॉक्स मॅन्युअल आहे, त्याचीही अशीच मर्यादा असणार. ती किती आहे आणि तुमच्या फाइलमध्ये टॉर्क कितीवर थांबवलाय, हे दोन्ही आकडे ट्यूनरला तोंडपाठ असायला हवेत. ८२ हजार चाललेला क्लच वाढलेल्या टॉर्कने सरकायला लागणं अगदी शक्य आहे. तो खर्च आजच धरून चाला.

आणि नागपूरचा उन्हाळा. या एका गोष्टीसाठी तरी पुण्याच्या ट्यूनरशी नीट बसून बोला. डिसेंबरात पुण्यात थंड सकाळी बनवलेली फाइल मे महिन्यात नागपूरच्या ४५ अंशांत, एसी पूर्ण लावून, ट्रकमागे रेंगाळत घाट चढताना कशी वागेल? इंटरकूलरमधून निघणारी हवाच तापलेली असते. तापलेल्या हवेत नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके बसण्याचा, धोका वाढतो, मग ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद कमी करतो. चांगला ट्यूनर या उशिराला जागा ठेवतो आणि एक्झॉस्टचं तापमान वाढू न देण्याची मर्यादा जशीच्या तशी राहू देतो. हावरा ट्यूनर ग्राफ उंच दिसावा म्हणून नेमक्या त्याच मर्यादा उचलतो. शिवाय तो कुठल्या पेट्रोलवर फाइल बनवतोय ते विचारा. १०० ऑक्टेनच्या महागड्या पेट्रोलवर बनवलेली फाइल तुम्हाला कायम त्याच पेट्रोलला बांधून टाकेल. ते नागपुरात मिळेलही कदाचित, पण अमरावतीच्या वाटेवर रात्री टाकी रिकामी झाली तर समोर येईल तो पंप गाठावा लागतो. फाइल साध्या पेट्रोलवरच बनवा, हे लिहून घ्या.

काम झाल्यावर लॉग मागा. ईसीयूने मागितलेला बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, आणि मिळालेला बूस्ट, मिश्रणाचं प्रमाण, प्रत्येक सिलिंडरला ठिणगी किती मागे घेतली गेली, आत येणाऱ्या हवेचं तापमान. हे समजून घ्यायला तुम्ही इंजिनिअर असायची गरज नाही. तुम्ही शिकवता, म्हणजे कुणी समजावून सांगतंय की टाळतंय हे तुम्हाला लगेच कळेल. जाणकार माणूस लॉग उघडून बोट ठेवून दाखवतो. 'मॅडम, ते टेक्निकल आहे, तुम्ही भावाला पाठवा' म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. गाडी तुम्ही चालवता. आवाज कुठल्या गिअरला, किती आरपीएमवर, इंजिन गार असताना की तापल्यावर, एसी चालू असताना की बंद, हे तुमच्याइतकं भावाला सांगता येणार नाही. आठवडाभर या नोंदी वहीत लिहा आणि तीच वही घेऊन स्वतः जा.

ग्राहकांचे अनुभव विचारताना एक काळजी घ्या. गेल्या महिन्यात काम केलेला प्रत्येक जण खूशच असतो. तुमच्याच इंजिनची, रिमॅप होऊन दोन उन्हाळे काढलेली, पुढे ३० हजार किलोमीटर चाललेली गाडी दाखवा, असं सांगा. त्या मालकाला क्लच, प्लग आणि ऑइलचा खप विचारा.

कायद्याचं मी स्पष्ट सांगतो, कारण ट्यूनर ते टाळतात. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या, म्हणजे उत्पादकाने मुळात दिलेल्या, तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणेच वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. यात 'मालक' हा शब्द आहे. म्हणजे ट्यूनरकडे बोट दाखवून सुटता येणार नाही, उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. तुमची गाडी बीएस-६ ची असेल, तर तिला मान्यता मिळाली ती ठरावीक धुरावर, आणि फाइल बदलली की तो हिशेबही बदलतो. पीयूसीच्या चाचणीत पास झालात म्हणजे सगळं कायदेशीर झालं, असं नाही. ती चाचणी गाडी उभी असतानाची असते. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो. आधी लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर आल्यावरच पुढे जा. वॉरंटी शिल्लक असेल तर ती गेलीच समजा. 'मूळ फाइल परत टाकली की कुणाला कळत नाही' हे खरं नाही, बऱ्याच ईसीयूमध्ये फाइल बदलल्याची खूण राहते.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून पाइप टाकायचा सल्ला कुणी दिला, तर तिथून सरळ निघा. त्या धुरात तुमचेच विद्यार्थी उभे असतात.

इतकं सगळं बघूनही करायचं ठरलं, तर माझा कौल नागपूरच्या तासाभराच्या कामाला नाही. पुण्याच्या वर्कशॉपलाही लगेच होकार देऊ नका. आधी नागपूरच्या तपासणीचे कागद त्यांना पाठवा आणि काय म्हणतात ते ऐका. अंतर मोठं आहे, छोटी दुरुस्ती करायला दर वेळी पुण्याला जाता येणार नाही. म्हणून ओबीडीचं, म्हणजे गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला जोडायचं, छोटं यंत्र लावून तुम्ही इकडून लॉग पाठवले तर ते बघून फाइल सुधारून देतील का, आणि ती चढवायला विदर्भात त्यांचा भरवशाचा माणूस आहे का, हे आधीच ठरवा. जीएसटीचं बिल, त्यावर नेमकं काय बदललं त्याची नोंद, मूळ फाइलची प्रत तुमच्याकडे, मे महिन्यातला एक लॉग बघून फाइल तपासून देण्याचं आश्वासन, आणि पटलं नाही तर मूळ फाइल विनामूल्य परत टाकून देण्याचं वचन, हे सगळं कागदावर हवं. सर्व्हिस सेंटरला गाडी देताना त्यांनी सॉफ्टवेअर अपडेट केलं तर रिमॅप पुसला जाऊ शकतो, तेव्हा पुन्हा चढवायचे पैसे घेणार का, तेही विचारून ठेवा.

सध्या मात्र धुराची चाचणी, प्लग आणि कॉम्प्रेशन. तिन्ही सिलिंडरचे आकडे आणि गाडी तापल्यावरचा लाँग टर्म फ्युएल ट्रिम मला लिहून कळवा. स्कॅनरवर मागितलेला आणि मिळालेला बूस्ट दिसत असेल तर घाटाच्या चढावर शेजारी कुणाला तरी बसवून तो नोंदवून घ्या. गाडी चालवताना तुम्ही स्वतः स्क्रीनकडे बघू नका.